विद्याधरचा न अडकणारा प्लेअर

आमच्या समोरच्या दारात राहणारा विद्याधर घाडी हा मी पाहिलेला सगळ्यात घाबरट माणूस, आणि त्याचं पोटापाण्याचं काम म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं. गॅसचं बटन बंद केलंय का हे बघायला हा जिन्यातून परत येतो. घरात पाल दिसली की बायकोला हाक मारतो. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे, चांगली चालते, पण हा लिफ्टचा मेकॅनिक चौथ्या मजल्यावरून जिन्यानेच खाली जातो. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "ताई, आत काय असतं ते मला ठाऊक आहे ना, म्हणून."

असा माणूस वस्तू विकत घेताना किती घोळ घालेल, तुम्हीच विचार करा. डीव्हीडी प्लेअर आम्ही दोन्ही घरांनी एकाच दिवाळीत घेतले. मी नावाजलेल्या कंपनीचा घेतला. विद्याधरने स्टेशनजवळच्या दुकानातून एक स्वस्तातला आणला, ज्या कंपनीचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. पत्रा इतका हलका की बटन दाबलं की अख्खा डबा मागे सरकायचा, म्हणून मालनने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या डब्यावर बंद पडलेली इस्त्री ठेवली होती. रिमोट समोरून चालायचा नाही, खिडकीपाशी उभं राहून तिरका धरावा लागायचा. ट्रे उघडायला वरून एक टपली. मी यथेच्छ हसून घेतलं.

पण आठवडाभरात हसायची पाळी त्याची. फूटपाथवरची, ओरखडे पडलेली, पोराटोरांनी चाटलेली कसलीही डिस्क त्या डब्यात घाला, तो ती चालवायचा. माझा प्लेअर मानी. जरा ओरखडा आला की चित्र थांबवून बसायचा, पुढे जाणार नाही म्हणजे नाही. विद्याधर म्हणायचा, "ताई, तुमचा साहेब आहे. आमचा कामगार. कामगार अडून बसत नाही." गिरणी कामगाराचा मुलगा असून हे म्हणतो, म्हणजे बघा. हा वाद आमचा वर्षानुवर्षं चालला आणि दर वेळी मीच हरले. पुढे मोबाईलवर सगळं दिसायला लागलं. माझा साहेब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर गेला. त्यांचा कामगार मात्र इस्त्रीसकट टीव्हीखाली राहिला.

आता विद्याधरच्या वडलांबद्दल सांगायला हवं. काशीरामकाका कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला आले, वॉचमनकी केली, सुनेच्या हातचं खाऊन सुखाने म्हातारे झाले. घाडी घराण्याकडे गावात गाऱ्हाणं घालायचा मान असतो. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने त्याच्याशी आपल्या बोलीत बोलायचं. एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणायचं. पोथी नाही, लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडी. गावातले मुंबईकर दरवर्षी माघात काकांच्या घरी पूजेला जमायचे. पुरुष आत, बायका बाहेर पॅसेजमध्ये, अगदी आमच्या दारापर्यंत. खुर्च्या आमच्या. आम्ही बौद्ध, अकोल्याकडचे. आमच्या घरात नवस नाही की गाऱ्हाणं नाही. पण शेजार म्हटला की शिरा खावाच लागतो, आणि मालनचा शिरा मी कधी सोडला नाही.

विद्याधरला गाऱ्हाणं येत नव्हतं. काकांनी त्याला कधी शेजारी उभंच केलं नाही. वेळ आली की म्हणायचे, "मी आसंय मां अजून. तू आत जा, शिऱ्याकडे बघ." हा मुकाट आत जाऊन शिरा ढवळत बसायचा.

मग गेल्याच्या गेल्या दसऱ्याला काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतीलच असं नाही, काहींचे येत नाहीत. आठवड्याने एक शब्द आला, पण तो होता "होय म्हाराजा". आयुष्यभर हजारो वेळा ऐकलेलं तेवढं शिल्लक राहिलं. चहा हवा? होय म्हाराजा. दुखतंय का? होय म्हाराजा. मुतखड्याचं ऑपरेशन करू? तरी होय म्हाराजा. पहिल्यांदा आम्ही हसलो, मग मालन आत जाऊन रडली.

माघ जवळ आला तशी भावकीची माणसं विद्याधरला फोन करू लागली. मान तुमचा, तूच उभा राहा. हा हबकला. लिफ्टच्या टपावर उभं राहताना हातात वायर असते, इथे हातात काही नाही, आणि समोर देव. एक नाव चुकलं, एक मागणं राहिलं तर? ज्याचं राहील त्याचं वर्षभरात बरंवाईट झालं तर? हे सगळं त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून मला विचारलं, जणू मला माहीत असणार होतं.

तेव्हा त्याची मुलगी दिशा हिला ती डिस्क आठवली. आमची चाळ पाडून ही बिल्डिंग झाली, त्यानंतरच्या पहिल्या पूजेला हौसेने व्हिडिओवाला बोलावला होता. काकांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड झालं ते तेवढंच. नंतर ते देवासमोर कुणाला मोबाईल काढू देत नसत. डिस्क कपाटात बांगड्यांच्या डब्याखाली सापडली, ओरखड्यांनी भरलेली. दिशाने ती कॉम्प्युटरवर लावून पाहिली, चालेना. कॉपी करायला दुकानात नेली तर दुकानदार म्हणाला, ही आता कधीही चिरेल, जबाबदारी माझी नाही. मग विद्याधरने ती कुणाच्या हातात दिली नाही. आपल्या कामगाराच्या तोंडात घातली, वरून टपली मारली, आणि काकांचा खणखणीत आवाज खोलीत भरला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

पलंगावरून, वाकड्या झालेल्या तोंडाने, काका म्हणाले, "होय म्हाराजा."

टीव्हीतला बाप मागत होता आणि पलंगावरचा बाप दुजोरा देत होता. मधे विद्याधर बसून पाठांतर करत होता. व्हिडिओवाल्याने जागोजागी गुलाबाची फुलं फिरवली होती, चित्र इकडून तिकडे उड्या मारत होतं, पण आवाज स्वच्छ. परमुलखात पोटासाठी आलेल्यांना सांभाळ. आजारी आहे त्याला बरं कर. कोण वाकडं वागत असेल त्याला सुबुद्धी दे. प्रत्येक मागण्याला काकांचं होय म्हाराजा. आणि मग अचानक काकांनी डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली. डोळे तारवटलेले, मान हलतेय, तोंडातून नुसता घरघराट. टीव्हीवर गाऱ्हाणं पुढे चालूच. मालनने धावत येऊन प्लेअर बंद केला. बीपी मोजलं तर वर गेलेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि त्याच जागी. मालनचं म्हणणं, स्वतःला धडधाकट बघून त्यांना सहन होत नाही. दुसरा झटका येईल म्हणून ती इतकी घाबरली की विद्याधरला म्हणाली, कानाला वायर लावून ऐका, नाहीतर तो डबा मी खिडकीतून फेकते. त्याने खरंच एक लांब वायर आणली आणि काकांकडे पाठ फिरवून गाऱ्हाणं शिकला.

पूजेच्या दिवशी त्याने ते एका दमात म्हटलं. पॅसेजमध्ये आम्ही बायका ऐकत होतो, मधूनमधून होय म्हाराजाचा घोष येत होता, आणि मला वाटलं, जमलं बाबा याला. तेवढ्यात आतून आवाज आला. काका चाकाच्या खुर्चीचा दांडा हाताने बडवत होते. विद्याधर थांबला नाही, थांबायची त्याला भीती वाटली. शेवटी "चुकला-माकला पदरात घे" म्हणून हात जोडले तेव्हा त्याचा शर्ट घामाने ओला झाला होता. भावकीतले सगळ्यात जुने राजारामतात्या, ज्यांना निम्मंच ऐकू येतं, शिऱ्याची वाटी हातात घेऊन म्हणाले, "विद्या, कायतरी ऱ्हवला हां. काशीराम उगाच हात आपटूचो नाय."

म्हातारा माणूस एवढं बोलून, शिरा खाऊन घरी गेला. विद्याधरची मात्र झोप गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पवईतल्या एका टॉवरमध्ये तो लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता. वर कुणीतरी, काम संपलं असं समजून, लिफ्ट चालू केली. टप वर जाऊ लागला. हा पालथा पडला म्हणून वाचला. डोक्यावरचं हेल्मेट तुळईला घासून तडकलं. संध्याकाळी मी दूध आणायला दार उघडलं तर हा जिन्याच्या पायरीवर बसलेला, तडकलेलं हेल्मेट मांडीवर, घरात जायचं धाडस होत नव्हतं.

"माधुरीताई," तो म्हणाला, "माझ्याकडून एक देव राहिलाय."

मी त्याला सांगितलं की लिफ्ट देवाने नाही, कुणा गाढवाने चालू केली. तो मान हलवत राहिला. खरं सांगू, माझा देवावर विश्वास नाही, पण हेल्मेटवरची ती चीर मी बघितली होती.

पुढचं सगळं वर्ष त्या घरात भीतीने मुक्काम ठोकला. विद्याधर गावी फोन करून देवांची नावं विचारायचा. रवळनाथ घातला, सातेरी घातली, वेताळ घातला, कुणाच्या आडाजवळचा राखणदार घातला. एकेक नाव गाऱ्हाण्यात बसवून काकांसमोर म्हणून दाखवायचा. ठरलेली जागा आली की काकांचा हात कठड्यावर. हा पांढरा पडायचा, मालन बीपीचं मशीन घेऊन पळत यायची. तो कामावर गेला की ती संध्याकाळी खिडकीशी उभी. फोन वाजला की आधी ती देवाकडे बघायची, मग फोनकडे. दिशाच्या परीक्षेचा निकाल लागला तोही कुणी नीट साजरा केला नाही.

आणि तो डबा, इस्त्रीखाली बसून, न अडकता चालत होता.

या वर्षी पूजा तोंडावर आली तेव्हा माझा संयम सुटला. रविवारी सकाळी मी त्याला म्हणाले, "विद्याधर, ती डिस्क माझ्या प्लेअरवर लाव."

"नको ताई. तुमचा अडकतो. आणि चिरली तर?"

"चिरली तर चिरली. तुला ती पाठ आहे ना? वर्षभर तोच डबा ऐकून काय मिळालं तुला? म्हातारा हात आपटून मरेल आणि तू देव मोजत बसशील."

असं बोलायला नको होतं. पण बोलले, आणि तो चिडून का होईना डिस्क घेऊन आला. दोन्ही हातांनी कडा धरून, वाटीतलं तेल सांडू नये तसा. मालनही मागोमाग आली. माझा साहेब मी माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता. डिस्क आत गेली. काका बोलू लागले. परमुलखात पोटासाठी आलेल्यांना सांभाळ. आजारी आहे त्याला बरं कर. कोण वाकडं वागत असेल त्याला सुबुद्धी दे. आणि चित्र थांबलं.

"बघा," विद्याधर म्हणाला, "अडकला. म्हटलं होतं ना."

तो डिस्क काढायला वाकला. मी त्याचा हात धरला, कारण मी चित्राकडे बघत होते. "हे चित्र तुझ्या टीव्हीवर कधी दिसलं होतं?"

तो बघत राहिला. "नाही."

मी रिमोटवरून पुढे ढकललं. आकडे सरकत राहिले, चित्र तसंच, आणि मग एकदम काका देवाकडे तोंड करून पुढचं मागणं मागत होते. म्हणजे मधे काहीतरी होतं. माझ्या प्लेअरने तिथे हटून बसून ते सांगितलं. त्याच्या प्लेअरने तेवढा तुकडा गुपचूप गाळून पुढचा दाखवला होता, आणि गुलाबाच्या फुलांच्या उड्यांत ही एक उडी कुणाच्या लक्षात आली नव्हती. विद्याधरने गाऱ्हाणं भोकासकट पाठ केलं होतं.

मी मागे आणलं. चित्र पुन्हा त्याच जागी थांबलं. काकांचं तोंड उघडं, हात पुढे केलेला. पण देवाकडे नाही. देवाकडे पाठ करून ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, आणि दारातून एका माणसाची पाठ दिसत होती. कंपनीचा निळा शर्ट, वाकून काहीतरी ढवळणारा.

"ताई," मालन हळूच म्हणाली, "हे तर हे आहेत."

विद्याधर मग खुर्चीवर बसला. देव राहिला असता तर त्याला उपाय होता, नारळ होता, गावचा देव होता. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. बापाने दरवर्षी त्याला आत शिऱ्याकडे पाठवलं, आणि त्याची पाठ वळली की आवाज खाली आणून त्याच्यासाठी मागून घेतलं. त्याच्या काळजीने आपण किती घाबरतो हे पोराने ऐकू नये म्हणून. ते पुटपुटणं आतल्या पुरुषांनाही नीट ऐकू येत नसणार, ते सवयीने दुजोरा द्यायचे, आणि आम्हा पॅसेजमधल्या बायकांपर्यंत नुसतं होय म्हाराजा पोचायचं. आणि हा, सगळ्या गावाची राखण मागताना, वर्षभर स्वतःला वगळत होता, तेही त्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर.

तो उठून घरी गेला. आम्ही दोघी दारात. पलंगाशी बसून त्याने विचारलं, "बाबानू, मधी माझा नाव होता?"

"होय म्हाराजा," काका म्हणाले.

विद्याधरने आमच्याकडे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, नवीनच भीती होती. ते चहालाही होय म्हाराजा म्हणतात. खात्री कशी करायची? आणि डिस्कमधला तो तुकडा आता कधीच ऐकू येणार नव्हता.

पूजेचा दिवस आला, माणसं जमली. या वेळी मी पॅसेजमध्ये बसले नाही, सरळ आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी काही म्हटलं नाही. काकांची खुर्ची देवाच्या बाजूला, डावा हात दांड्यावर. मालन स्वयंपाकघराच्या दारात, हातात शिऱ्याचा झारा. विद्याधरने सुरुवात केली. आवाज नीट होता. आजारी आहे त्याला बरं कर. होय म्हाराजा. कोण वाकडं वागत असेल त्याला सुबुद्धी दे. होय म्हाराजा.

आणि तो थांबला.

स्वतःसाठी मागायचं कसं? घाडी सगळ्यांसाठी मागतो, स्वतःसाठी मागत नाही. त्याचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. काकांचा हात दांड्यावरून वर उचलला गेला. आत्ता आपटणार, आत्ता बीपी, आत्ता सगळं संपणार असं मला वाटलं, आणि मी काही करू शकत नव्हते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मालन बोलली. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, या बाईने नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती दिशाला पुढे करायची. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, तेही तिला माहीत होतं.

"आणि विद्याधर," ती म्हणाली, आणि अडखळली. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "विद्याधर काशीराम घाडी. काळोखात, उंचार काम करतत. हेंची राखण कर रे म्हाराजा."

खोलीत कुणीच दुजोरा दिला नाही. सगळे गोंधळले होते. फक्त काका म्हणाले, "होय म्हाराजा." आणि उचललेला हात त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला. मग राजारामतात्यांनी म्हटलं, मग सगळ्यांनी. विद्याधरने डोळे पुसले आणि पुढचं मागणं उचललं. शेवटपर्यंत तो हात मांडीवरच होता.

प्लेअर अजून टीव्हीखाली आहे, पण आता त्याची बाजू घेऊन विद्याधर माझ्याशी वाद घालत नाही.

पूजेनंतरच्या सोमवारी सकाळी समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. गॅस बघायला तो एकदा परत आत गेला, मग जिन्याने खाली निघाला. मी माझं दार उघडलं तर मालन आधीच कठड्याशी उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खालून पावलांचा आवाज येईनासा झाला तरी आम्ही दोघी तिथेच होतो. आतून काकांनी, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हटलं, "होय म्हाराजा."